जर्मलचं छप्पर

आगोट आली की माझे हात अजून शिवशिवतात. आगोट म्हणजे आमच्याकडे पावसाच्या तोंडावरचे दिवस. सुकट भरायची, लाकडं पडवीला रचायची, मसाला कुटायचा, कौलं चाळायची. आता आमच्या घरात यातलं काही होत नाही. सून मसाल्याचं पाकीट आणते, वर सिमेंटचा स्लॅब आहे, त्याचं काय चाळणार? तरी वैशाख सरत आला, वारा फिरला, दुपारी खाडीकडून चिखलाचा वास यायला लागला की मी उगाच उठतो आणि घराभोवती फेरी मारतो. कुठं काय बांधायचं राहिलंय ते बघतो. काही राहिलेलं नसतं. परत येऊन खुर्चीत बसतो.

हिरा गेल्यानंतरची ही पहिली आगोट. हिरा म्हणजे माझी बायको. ती गेली तेव्हा माणसं भेटायला आली. म्हणाली, भरल्या घरातून गेली, सोनं झालं. मी त्यांना म्हटलं, तुमच्या घरचं माणूस जाऊ द्या, मग सांगा सोनं झालं का ते. त्यानंतर फारसं कोणी येत नाही. बरंच झालं. बोलायला लागलं की तोंडातून असलंच निघतं माझ्या. ती होती तेव्हा मधे पडून सावरून घ्यायची.

मी चार बुकं शिकलेला, उरणकडच्या मिठागरावरचा माणूस. आता त्या आगरांवर डबे रचून ठेवलेत, बोटीवरचे, लाल-निळे, घराएवढे. तिथं मी मीठ ओढलंय. आगोटीला आमचं शेवटचं काम असायचं मिठाच्या राशी शाकारायचं. पांढरे शुभ्र डोंगर, त्यांच्यावर गवत आणि नारळीचे झाप घालून काथ्यानं आवळायचे. पाऊस कुठून मारणार, वारा कुठं बोट घालून झाप उचकटणार, हे नुसतं राशीकडं बघून कळायचं. कोणाची रास गळली तर अख्ख्या गावात त्याची चेष्टा व्हायची. माझी कधी गळली नाही. त्याचा मला ताठा होता, नव्हता असं नाही.

महाराष्ट्राचं राज्य झालं त्याच्या पुढच्या एखाद-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. त्या आगोटीला हिरा खोकत होती. आधी म्हटलं भाताच्या तुसाचा खोकला असेल. मग म्हटलं चुलीच्या धुराचा. मग एके सकाळी खोकून झाल्यावर तोंडाला लावलेला पदर तिनं झटकन मुठीत दाबला, आणि मला कळलं. तिलाही कळलं की मला कळलं. तिनं भाकरी थापली, मी खाल्ली. कशी लागली विचारू नका.

उरणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं क्षय म्हणून सुया सांगितल्या, गोळ्या दिल्या, अंडी-दूध द्या म्हणाला. म्हणाला, हिला मागच्या कोंदट खोलीत ठेवू नकोस, उघड्या हवेत झोपव, पण ओल लागता कामा नये. मी म्हटलं, "साहेब, पावसाळा तोंडावर आलाय. उघडं आणि कोरडं, दोन्ही कसं जमवू?" तो म्हणाला, "ते तू बघ." रागानं नाही म्हणाला. त्याच्या दारात माणसांची रांग लागली होती.

मग मी ते बघायला लागलो.

आमचं घर मातीच्या भिंतींचं, कौलारू. पुढं ओटा, ओट्यापुढं अंगण, अंगणाला लागून रस्ता. अंगणावर दिवाळीनंतर मांडव घालायचा आणि आगोटीला उतरवायचा, हा रिवाज. पावसाळ्यात अंगणावर छप्पर ठेवायचं नसतं, ते राहतच नाही. झाप कुजतात, त्यातून पाणी ठिबकतं, खाली बुरशी. लोखंडी पत्रा घालावा तर खाडीचा वारा त्याला दोन पावसांत चाळण करतो. मी ओट्यावर बसून अंगणाकडं बघत राहायचो. मिठाचा डोंगर कोरडा ठेवणारा मी, एक खाट कोरडी ठेवायची तर अक्कल चालेना.

तोड काढली माझ्या मेव्हण्यानं. हिराचा धाकटा भाऊ नामा मुंबईला गोदीत कामाला होता. बहिणीला बघायला आला, तिच्याकडं बघून झाल्यावर मागच्या परसात जाऊन बराच वेळ उभा राहिला, आणि तोंड धुऊन येऊन म्हणाला, "भावजी, जर्मलचे पत्रे घाला."

अल्युमिनियमला आमच्यात जर्मल म्हणतात. जर्मलचा टोप, जर्मलचं ताट. त्याचं छप्पर असतं हे कोणाच्या गावीही नव्हतं.

"जर्मल काय, भांडं हाय का घर हाय?" मी म्हटलं.

"आभाळातलं इमान त्याचंच करतात, भावजी. खारा वारा त्याला खात नाय. गोदीत एक जुनी शेड मोडलीय, भंगारवाल्याकडं पत्रे पडून हायेत. पातळ हायेत, पन चांगले हायेत."

"इमानासारखं उडून गेलं तर?"

"मग तुमी बांधता कशाला? तुमच्या राशी उडतात का?"

बोलण्यात हुशार होता तो. लाँच बंद व्हायच्या आत पत्रे आणायचे होते. पावसाची हवा फिरली की भाऊच्या धक्क्यावरून आमच्या मोरा बंदराला येणारी लाँच बंद, मग पार श्रावण संपेपर्यंत काही नाही. नामानं पत्रे धक्क्यावर आणले, आम्ही दोघांनी लाँचच्या टपावर चढवले. लाँचमधल्या बायका ओरडायला लागल्या, कारण उन्हानं पत्रे असे चमकत होते की डोळा उघडवेना. लाँच हाकणारा तांडेल म्हणाला, "काय रं, आरसं घेऊन चाललाव का लग्नाला?" समुद्र हलायला लागला होता. मी पत्र्यांवर पालथा पडून राहिलो, हात पसरून. पोटाखाली ते भाजत होते. खाली पाणी हिरवंगार, मधेच एखादी लाट फेस काढायची. मला तेव्हा देव आठवला नाही की काही नाही. एकच वाटत होतं, एखादा पत्रा सरकला तर मी त्याच्याबरोबर जाईन, पण सोडणार नाही.

लाकडाचा प्रश्न नव्हता. आमच्या माणसांत एक रीत आहे. खाडीच्या बांधाला पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी असते. तिची लाकडं वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात भिजून काळी आणि लोखंडासारखी होतात. उघाडी बदलली की जुनी लाकडं लोक घराला नेतात. त्यांना वाळवी शिवत नाही. आमच्या निम्म्या गावाच्या गोठ्यांना तीच लाकडं. मीही तीच घेतली, खांबांना आणि वाशांना. आय, म्हणजे माझी आई, त्या लाकडावर हात फिरवून म्हणाली, "तुज्या नातवाच्या लग्नापर्यंत हालनार नाय हे." ती छपराबद्दल एवढंच चांगलं बोलली.

बाकी सगळं ती विरोधातच बोलली. आणि तिचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. आमच्यात माणूस शेवटचा व्हायला लागला की त्याला आतून उचलतात आणि अंगणात काढतात. अंगणात मोकळ्यावर जीव जावा म्हणून. गेल्यावर आंघोळ तिथंच, बांधाबांध तिथंच. अंगणात निजवलेलं माणूस परत आत आलेलं कोणी बघितलेलं नाही.

"गणा, अंगनात मानूस कवा काढतात, ठावं हाय ना तुला?" आय म्हणाली.

"डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टरचं काय जातं? त्याच्या दारात अंगन हाय का?"

हिरा आतून ऐकत होती. ती बाहेर आली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. अंगानं वाळून ती काठी झाली होती, पण आवाज होता. म्हणाली, "आत्ये, ते खांब रोवतायत तर रोवू द्या. पन मी तिथं निजनार नाय. मी मेले नाय अजून."

मी खांब रोवत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

पत्रे चढवायच्या दिवशी वारा सुटला. खालून नामा पत्रा द्यायचा, वरून मी धरायचो, आणि मधेच वारा त्याच्या पोटात शिरून तो शिडासारखा फुगायचा. जर्मल हलकं, हेच त्याचं वाईट. लोखंड जागच्या जागी बसतं तरी. एका पत्र्यानं माझा तळहात कापला, अंगठ्यापासून मनगटापर्यंत. शेजारचा धर्माबाबा रस्त्यावर उभा राहून मजा बघत होता. म्हातारा माणूस, पण जिभेला हाड नाही.

"काय र गणा, बायकोला टोपाखाली ठेवतूस व्हय? शिजंल ना ती!"

"तुला वाढू का?" मी वरून म्हटलं.

"नको बाबा. मना पचायची नाय, तुज्या आयशीच्या हाताखाली तयार झालीय ती."

आत हिरा हसली. हसता हसता खोकायला लागली, आणि बाहेर धर्माबाबाचं तोंड उतरलं. तो काठी टेकत निघून गेला. खिळे ठोकून झाले, वर काथ्यानंही आवळलं, आमच्या सवयीनं. उन्हाची धग लागू नये म्हणून पेंढा पसरला. उतरून लांब जाऊन बघितलं. पेंढ्याच्या खालून पत्र्याची कड चमकत होती. अख्ख्या गावात असं छप्पर दुसरं नव्हतं. आणि त्याच्याखाली यायला माणूस तयार नव्हतं.

तिला बाहेर कसं आणलं? बोलून ती ऐकणाऱ्यातली नव्हती. मी माझी घोंगडी उचलली आणि पत्र्याखाली तिच्यासाठी टाकलेल्या खाटेशेजारी जमिनीवर पडलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. रस्त्यानं जाणारे बघत होते, म्हणत होते, गणाला काय झालं? तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती आपणच आली, उशी काखेत मारून. म्हणाली, "सरका. तुमाला बघून लोक म्हनतील बायकोनं हाकलला." आणि खाटेवर बसली. निजली नाही, बसली. तोंड घराकडं, पाठ रस्त्याकडं.

त्या पाठीबद्दल सांगितलं पाहिजे. आतल्या खोलीत ती आजारी होती ते फक्त आम्हाला दिसत होतं. अंगणात ती सगळ्यांना दिसायला लागली. आमच्याकडं लोक एकमेकांच्या अंगणातूनच ये-जा करतात, रस्ता नावाला. ती खाटेवर आली तशी आमच्या अंगणातली वाट बंद झाली. बायका पाण्याला मागच्या बाजूनं, चिखलातून जायला लागल्या. एकदा ती मला म्हणाली, "आत होते तवा आजारी होते. तुमी मना बाहेर मांडून ठेवलीव." मी तिच्या हातात दुधाचा पेला दिला, तिनं तो घेतला आणि तोंड फिरवून प्याली.

मग पाऊस लागला. पहिल्याच वादळात पेंढा उडाला आणि पत्रा उघडा पडला. कौलावरचा पाऊस आम्हाला जन्मापासून माहीत. तो बोलतो, पागोळ्या गळतात, झोप लागते. पत्र्यावरचा पाऊस तसा नव्हता. कोणीतरी वरून खडी ओततंय, आणि ओततच राहतंय. खाटेवर तोंडाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येईना. आणि तिचा खोकलाही ऐकू येईना. इतके दिवस मी कानानं तिच्यावर राखण ठेवली होती. आगरावर असलो तरी घराकडं कान. आता बाजूला बसून मला बघावं लागायचं, खांदे हलतायत का, पदर तोंडाशी जातोय का. आणि मधेच पाऊस एकदम थांबायचा. पन्हळीतून पाणी निथळायचं. त्या शांततेत तिचा खोकला एकटा अंगणभर वाजायचा, तेव्हा वाटायचं तो पाऊस होता तेच बरं होतं.

आज घरात पावसाचा आवाजच येत नाही. स्लॅब आहे, खिडक्यांना काचा आहेत. बाहेर पडतोय की नाही ते बघायला उठावं लागतं. मुलगा म्हणतो, बाबा, किती शांत झालं ना घर. मी त्याला व्हय म्हणतो.

आषाढात एक गोष्ट झाली. आयचं जातं आत असायचं, चुलीच्या बाजूला. एके सकाळी तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, "हे उचल. बाहेर ने." मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "उचल म्हनते ना." मी जात्याची एकेक पाळ उचलून पत्र्याखाली नेली, लांबच्या कोपऱ्यात मांडली. आय तांदूळ घेऊन बसली आणि दळायला लागली. मला आधी काही कळलं नाही. हिराला कळलं. मयत झालेल्या घरात जातं फिरत नाही, सुतक फिटेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. आय तिथं बसून अख्ख्या गावाला दाखवत होती की या अंगणात दळण चाललंय. तिला सुनेशी गोड बोलता यायचंच नाही. दळता दळता एवढंच म्हणाली, "बघतीस काय गो? भाकरी खायची हाय ना तुला?"

हिरानं त्या दिवशी पहिल्यांदा रस्त्याकडं तोंड केलं.

मग लावणीचे दिवस. एकदा दुपारी असा पाऊस आला की रस्त्यावरचं माणूस दिसेना. लावणीवरून परतणाऱ्या बायका आणि त्यांच्या मागून धर्माबाबा, सगळे पळत आमच्या पत्र्याखाली शिरले. शिरले म्हणजे काय, कडेला उभे राहिले. पाठीवर पन्हळीचं पाणी धो धो पडतंय, पुढं सगळी कोरडी जागा, पण एक पाऊल कोणी आत टाकीना. हिरा बघत होती. मीही बघत होतो, माझं टाळकं तापायला लागलं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात हिरा मोठ्यानं म्हणाली, "या की आत! मी दम धरते, तवर उभ्या राहा. खोकायच्या आदी सांगीन!"

मग धर्माबाबा आत आला, अगदी मधोमध येऊन उभा राहिला, आणि म्हणाला, "अगो बय, माझं वय बघ. तुजा खोकला मना मारायला येईस्तवर मी कवाच गेलेला असंन." बायका हसल्या. एकीनं पदर पिळला, दोघीजणी आयच्या जात्यापाशी जाऊन बसल्या. फार जवळ कोणी आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण पावसाचा जोर ओसरला तरी लगेच कोणी गेलंही नाही. लावणीच्या गोष्टी चालल्या होत्या, कोणाच्या रोपाला किडा लागला, कोणाचा बैल बसला. हिरा कित्येक दिवसांनी माणसांत बसली होती. त्या दिवशी तिनं अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

एवढ्यानं आजार बरा होत नाही. सुया चालू होत्या, ताप यायचा, जायचा, परत यायचा. नारळीची पाती मागवून ती बसल्या बसल्या झाप विणायला लागली तेव्हा मी ओरडलो, निजून राहा म्हटलं. ती म्हणाली, "मेल्यावर निजायचंच हाय." आमची भांडणं अशीच व्हायची. मी तिच्या मरणाला भिऊन ओरडायचो आणि ती तेच नाव घेऊन मला गप्प करायची.

श्रावण अर्धा झाला असेल. सकाळी उन्हाची तिरीप आली आणि हिरा म्हणाली, "आवो, बघा, माज्या गोधडीवर चांदन्या पडल्या."

मी बघितलं. गोधडीवर उन्हाचे बारीक बारीक ठिपके. वर बघितलं तर पत्र्याला भोकं. टाचणीनं टोचल्यासारखी, एका ओळीत. आणि वाशाच्या कडेनं पांढरं पीठ आलेलं. तिला ते छान वाटत होतं, मी खाटेच्या कडेवर चढून पत्रा चाचपला. नामा म्हणाला होता खारा वारा याला खात नाही. वाऱ्यानं खाल्लंच नव्हतं. बाकीचा पत्रा चकचकीत होता. जिथं जिथं उघाडीच्या लाकडावर टेकला होता तिथंच खाल्लेला. पावसाळ्याच्या दमट हवेत त्या लाकडानं आपल्या पोटातलं सगळं खारं पाणी बाहेर सोडलं होतं, आणि ते पत्र्याला चाटत बसलं होतं. वाळवी लागू नये म्हणून घेतलेलं लाकूड. सगळ्या गावानं चांगलं म्हटलेलं. आमचं मीठ आमच्याच छपराला लागलं, आणि त्यातला एक वासा बरोबर तिच्या खाटेवर होता.

त्याच दुपारी थेंब पडायला लागले. मी करंजा गावच्या कोळ्यांकडून होड्यांना लावायचं डांबर आणलं, वर चढून भोकं बुजवली. चार दिवसांनी बाजूला नवी. शेवटी ठरवलं, वासेच बदलायचे. बांबू घालायचे, मधे डांबराचं फडकं. भर पावसात. नामाला बोलवायला लाँच नव्हती. धर्माबाबानं आपल्या दोन्ही मुलांना पाठवलं, मी काही सांगितलं नव्हतं तरी.

मी हिराला म्हटलं, "दोन दिवस आत जा. पत्रे उचलायचे हायेत."

"नाय जानार."

"वरनं पानी येईल."

"येऊ दे. आत गेले की परत बाहेर नाय यायची मी. मना ठावं हाय. त्या खोलीत मना श्वास घेता येत नाय. इथं येतो."

तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. इथं श्वास येतो. मी आयकडं बघितलं. वाटलं आता ती म्हणेल, काय हट्ट गो तुजा. आय उठली, आतून इरलं घेऊन आली. लावणीला डोक्यावर घेतात ते, पानांचं. खाटेच्या उशाशी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी ते हिरावर धरलं. आम्ही एकेक पत्रा सैल करायचो, काळा वासा ओढायचो, बांबू सरकवायचो, पत्रा परत दाबायचो. मधे मधे आभाळ उघडं पडायचं आणि सर यायची. आय भिजून चिंब झाली. हिरा म्हणाली, "आत्ये, बसा तरी." आय म्हणाली, "गप ऱ्हा, हलू नको, पानी लागंल." मी वरून बघत होतो. एक म्हातारी आणि एक आजारी, एका इरल्याखाली. माझ्या हातातला हातोडा चालेना. धर्माबाबाचा थोरला म्हणाला, "गणादा, पत्रा धरा ना." मग धरला.

भाद्रपद गेला. ताप यायचा थांबला. दसऱ्यानंतर मी तिला उरणला घेऊन गेलो. डॉक्टरनं बराच वेळ छातीला नळी लावली, पाठीला लावली, परत छातीला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, त्याच्यावरून काही कळत नव्हतं. मग तो म्हणाला, सुया अजून घ्यायच्या, गोळ्या सोडायच्या नाहीत, पण आता भीती नाही. वाटलं तर थंडीत आत झोपव.

परत येताना ती गाडीत बसली नाही. बैलांच्या बाजूनं चालत आली, मधे मधे थांबत. भाताची शेतं पिवळी व्हायला लागली होती. घरी आल्यावर सरळ खाटेवरून पुढं गेली, आत शिरली, आणि चुलीतला जाळ सारखा करताना मला दिसली.

मी पत्र्याखाली तिच्या खाटेवर बसलो. पाऊस नव्हता, वारा नव्हता. सबंध पावसाळा मी रडलो नव्हतो, बांधाबांधीत वेळच नव्हता. आता सगळं झाल्यावर रडू आलं, आणि थांबेना. ती आतून बघत असावी. बाहेर आली, माझ्या बाजूला बसली. पाठीवर हात वगैरे काही ठेवला नाही, तसली नव्हतीच ती. म्हणाली, "आता कशाला रडता? आता मी मरत नाय."

इतकं ठामपणे म्हणाली की माझा विश्वास बसला. नुसता त्या दिवसापुरता नाही. पोरं झाली, आय गेली, आगरं गेली, छप्पर गेलं, घर पाडून नवं बांधलं, माझे दात गेले, तरी तो विश्वास तसाच. गेल्या वर्षी पनवेलच्या दवाखान्यात तिला काचेच्या खोलीत ठेवली, पोरं बाहेर रडत होती, तेव्हाही मी बाकावर स्वस्थ बसलो होतो. सून मला म्हणाली, बाबा, तुम्हाला कळतंय ना काय चाललंय? मला कळत होतं. पण हिरानं मला सांगितलं होतं ना.

ते सांगून किती वर्षं झाली होती, हे कोणाच्या लक्षात राहतं?